लेबलकडून चित्रपटाच्या संगीत पर्यवेक्षणाकडे : चिपळूणमधील एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाचा विषय

कोकणातील लोककलांची ध्वनिमुद्रणे काढणाऱ्या चिपळूण येथील एका लहान, स्वतंत्र लेबलच्या संस्थापिकेने एका मराठी चित्रपटाच्या संगीत पर्यवेक्षणाची, म्हणजे ज्याला चित्रपटसृष्टीत म्युझिक सुपरव्हिजन म्हणतात त्या कामाची, जबाबदारी स्वीकारली. या कामात काय घडले, कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला आणि त्याचे परिणाम काय झाले, याची ही नोंद आहे. व्यक्ती, मंडळ, गाव आणि चित्रपट ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. करारांचे मसुदे, क्यू शीट (चित्रपटात वापरलेल्या संगीताचा तक्ता) आणि संस्थापिकेची टिपणे प्रस्तुत लेखकाला वाचायला मिळाली.

कोणते गाणे कोणत्या दृश्यात शोभेल, याची जाण या बाईंकडे पहिल्या दिवसापासून होती आणि त्या बाबतीत दिग्दर्शकाशी त्यांचे फारसे मतभेद झाले नाहीत. सारे प्रकरण फिरले ते दोन प्रश्नांभोवती. हे गाणे नेमके कोणाचे आहे, हा पहिला प्रश्न. आणि आपण देणाऱ्याच्या बाजूने बोलत आहोत की घेणाऱ्याच्या, हा दुसरा. लेबल चालवणाऱ्या माणसाला दोन्ही प्रश्न रोजच्या व्यवहारात फारसे पडत नाहीत, कारण लेबल कायम देणाऱ्याच्या बाजूला असते आणि आपल्या संग्रहातील गाणे आपलेच आहे असे धरून चालते.

पार्श्वभूमी

संस्थापिकेच्या वडिलांचे चिपळूणच्या बाजारपेठेत कॅसेटचे दुकान होते. नमन-खेळे, गोलात नाचत गायची जाखडी, दोन बुवांच्या सामन्याचे डबलबारी भजन यांच्या कॅसेटना आणि पुढे व्हीसीडींना शिमगा, गणपती आणि जत्रा या दिवसांत हमखास गिऱ्हाईक असे, आणि सुट्टी संपवून मुंबईला परतणारा चाकरमानी आपल्या गावच्या मंडळाची सीडी पिशवीत टाकूनच एसटीत बसत असे. त्या धंद्याला बरे दिवस असतानाच संस्थापिकेने दुकानाच्या माडीवर स्वतःचे लेबल सुरू केले. चिपळूण, गुहागर आणि संगमेश्वर तालुक्यांतील मंडळांना बोलावून, किंवा स्वतः यंत्रे घेऊन त्यांच्या वाडीवर जाऊन, त्यांनी बऱ्यापैकी मोठा संग्रह उभा केला. मंडळाला ठरलेली बिदागी रोख दिली जाई आणि एका पानाच्या मुद्रांकावर मंडळाच्या प्रमुखाची सही घेतली जाई. त्यावर 'सदर गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून प्रसिद्ध करण्यास आमची हरकत नाही' अशा आशयाचे एखादे वाक्य असे. मुदत, प्रदेश, माध्यम यांचा उल्लेख त्यात नसे. त्या काळी या भागात असे करार करणाऱ्या कोणाच्याच कागदात तो नसे.

सीडी संपली तसे उत्पन्न आटले. ऑनलाइन वाहिन्यांवर गाणी चढवून जे मिळे त्यातून ध्वनिमुद्रणाचा खर्चही निघेना. त्यातच २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला आलेल्या पुराचे पाणी बाजारपेठेत शिरले. मूळ ध्वनिमुद्रणांच्या प्रती संस्थापिकेच्या राहत्या घरी, उंचावर असल्यामुळे वाचल्या; करारांचे खोके मात्र दुकानात तळमजल्यावर होते. त्यातील बराच भाग लगद्यासारखा झाला, काही कागद उन्हात वाळवून कसेबसे वाचता येण्याजोगे राहिले.

दोन वर्षांनी मुंबईतील एका तरुण दिग्दर्शकाने त्यांना गाठले. त्याचा पहिलाच चित्रपट गणपतीत गावी आलेल्या एका कुटुंबाविषयी होता आणि त्यात एका जाखडी मंडळाला महत्त्वाचे स्थान होते. त्याला सुरुवातीला केवळ लेबलची तीन-चार गाणी हवी होती. बोलणे पुढे सरकले तसे त्याच्या लक्षात आले की पडद्यावर दिसणारे मंडळ, पालखीपुढचा ढोल, जात्यावरच्या ओव्या आणि हॉटेलातील रेडिओवर वाजणारे गाणे या सगळ्यांची जुळवाजुळव एका माणसाने करणे गरजेचे आहे. नेमलेल्या संगीतकाराने पार्श्वसंगीताचे काम घेतले होते, पण या गोष्टी आपल्या कक्षेबाहेरच्या आहेत असे त्याने स्पष्ट सांगितले होते. आपल्याकडे चित्रपटाचे सगळे संगीत एका संगीतकाराकडे सोपवायचे आणि त्याचे ऑडिओ हक्क एका संगीत कंपनीला विकायचे, ही रीत इतकी रुळलेली आहे की पर्यवेक्षक या भूमिकेला जागाच उरत नाही. अमेरिकेत मात्र दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत २०१७ पासून या कामासाठी स्वतंत्र पुरस्कार दिला जातो.

अडचण

निर्मात्याने देऊ केलेले मानधन लेबलच्या वर्षभराच्या मिळकतीशी तुलना करता चांगले होते. तरीही होकार देण्यापूर्वी संस्थापिकेला एक पेच जाणवला, आणि तो त्यांना वेळीच जाणवला ही या प्रकरणातील मोठी जमेची बाजू आहे. पर्यवेक्षक निर्मात्याच्या पैशाने गाणी घेतो, म्हणून कमीत कमी किमतीत, जास्तीत जास्त व्यापक हक्क मिळवणे हे त्याचे कर्तव्य ठरते. लेबल मात्र तेच गाणे जास्त किमतीला, मर्यादित हक्कांसह देऊ पाहते. एकच व्यक्ती दोन्हीकडे असेल तर तिने सुचवलेल्या प्रत्येक गाण्यावर शंका घेता येते, आणि शंका घेणारा निर्माताच असेल असे नाही. ज्या मंडळाचे गाणे निवडले गेले नाही ते मंडळही घेऊ शकते. ज्या तालुक्यांत आपल्याला वर्षानुवर्षे ताई म्हणून घरात घेतले जाते, तिथे हा संशय त्यांना परवडणारा नव्हता.

पर्याय

चार वाटा समोर होत्या. पहिली, केवळ गाणी परवान्याने देण्याची, ही सर्वांत निर्धोक आणि सर्वांत कमी उत्पन्नाची होती. दुसरी, पर्यवेक्षण घेऊन स्वतःच्या संग्रहातील एकही गाणे न सुचवण्याची. नैतिकदृष्ट्या ही सर्वांत स्वच्छ, पण अव्यवहार्य होती, कारण त्या भागातील जुन्या गायकांचे चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण त्यांच्याखेरीज फार थोड्यांकडे होते, आणि दिग्दर्शक मुळात त्यासाठीच आला होता. चौथी वाट संगीत निर्मिती स्वतःकडे घेण्याची होती, तिचा विचार त्यांनी लगेच सोडला.

त्यांनी तिसरी वाट धरली. पर्यवेक्षण स्वीकारायचे, स्वतःची गाणीही सुचवायची, पण एकही गाणे ऐकवण्यापूर्वी निर्मात्याला लेखी पत्र द्यायचे. त्या पत्रात तीन गोष्टी होत्या. लेबलच्या मालकीचे गाणे सुचवताना ते तसे असल्याचे यादीतच नोंदवले जाईल. त्याची किंमत संस्थापिका ठरवणार नाहीत. तशाच वापराच्या इतर गाण्याला जो दर दिला जाईल तोच लेबलला मिळेल आणि तो निर्मिती व्यवस्थापक ठरवेल. आणि प्रत्येक दृश्यासाठी लेबलबाहेरचा किमान एक पर्याय दिला जाईल. निर्मात्याला हे पत्र जरा अवाजवी वाटले, पण त्याने सही केली. या पत्राचा उपयोग पुढे वादाच्या वेळी जितका झाला त्याहून अधिक संस्थापिकेला स्वतःला झाला असे माझे मत आहे, कारण त्यामुळे प्रत्येक निवडीचे कारण त्यांना लिहून ठेवावे लागले.

पहिला निर्णय : आपल्याच कागदांची तपासणी

करारावर सही झाल्यावर, स्पॉटिंगच्या, म्हणजे कोणत्या दृश्यात संगीत कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे हे ठरवण्याच्या बैठकीआधी, त्यांनी सुचवण्याजोग्या गाण्यांचे कागद एका वकिलाला दाखवले. उत्तर अनपेक्षित होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा मालक त्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता असतो, म्हणजे ते काम स्वतःच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर करून घेणारा; म्हणून ध्वनिमुद्रणे लेबलचीच होती. परंतु त्यात गायलेले शब्द आणि चाल हे वेगळे हक्क आहेत, आणि ते ज्याने रचले त्याचे किंवा त्याच्या वारसांचे असतात. कलम १९ असे सांगते की हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाईल आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जाईल. परवान्यालाही हीच तरतूद लागू होते. एका पानाचे ते जुने कागद, जे पुरातून वाचले होते तेसुद्धा, केव्हाच मुदतबाह्य झाले होते.

म्हणजे ज्या संग्रहाच्या बळावर त्या या कामात शिरत होत्या, त्यातील गाणी चित्रपटाला देण्याचा पूर्ण अधिकार त्यांच्याकडे नव्हता. चित्रपटात जुने ध्वनिमुद्रण वापरायचे तर दोन संमती लागतात : एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, जिला धंद्यात मास्टर परवाना म्हणतात, आणि दुसरी रचनेच्या मालकाची, म्हणजे सिंक परवाना. शिवाय गायकाची लेखी संमती हवी, कारण कलाकाराला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे. लेबलकडे पहिल्या संमतीचा अधिकार होता, दुसरी आणि तिसरी नव्याने मिळवावी लागणार होती.

संस्थापिकेने ही गोष्ट निर्मात्याला तत्काळ कळवली. त्यामुळे निर्माता पहिल्याच महिन्यात अस्वस्थ झाला, तरी तो निर्णय योग्यच होता असे माझे ठाम मत आहे. हीच बाब चित्रीकरणानंतर कळली असती तर दृश्य कापण्यावाचून उपाय उरला नसता.

दुसरा निर्णय : भजनाचा गजर वगळणे

दिग्दर्शकाने संकलनापूर्वीच्या कच्च्या जोडणीत तात्पुरते म्हणून एका डबलबारीतील गजर लावला होता आणि तो त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. संस्थापिकेने तो दोनदा ऐकून नकार दिला. डबलबारीत आणि जाखडीतही लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर नवे शब्द बांधण्याची जुनी पद्धत आहे. रसिकांना ती आवडते आणि बुवाचे कसब त्यातच दिसते. पण त्या गजराची चाल एका जुन्या चित्रपटगीताची होती, म्हणजे सिंक परवाना बुवाकडून नव्हे तर त्या गीताचे हक्क असलेल्या मोठ्या कंपनीकडून घ्यावा लागला असता. विचारलेली किंमत संगीताच्या सगळ्या अंदाजपत्रकाच्या जवळपास होती. गजर गेला, आणि ज्या मंडळाचा तो होता त्या मंडळाच्या लोकांना आपल्याला डावलले असे वाटले. संस्थापिकेने त्यांना भेटून कारण सांगितले. ते त्यांना पटले असे म्हणता येणार नाही.

तिसरा निर्णय : जुने ध्वनिमुद्रण की नवे

चित्रपटाच्या मध्यभागी गणपतीच्या रात्री अंगणात जाखडी होते. या प्रसंगासाठी दिग्दर्शकाला लेबलच्या संग्रहातील एक गवळण हवी होती. ती एका वयस्कर गायकाने गायलेली होती आणि सीडीच्या आवरणावर रचनेच्या जागी 'पारंपरिक' असे छापले होते. लेबलचे ध्वनिमुद्रण वापरले तर लेबलला मास्टर परवान्याचे पैसे मिळणार होते. संस्थापिकेने नवे ध्वनिमुद्रण करण्याचा सल्ला दिला, ज्याची मालकी निर्मात्याकडे जाणार होती.

कारण तांत्रिक होते. जाखडीत गाणारा आणि ढोलकी वाजवणारा मधोमध बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल फिरतात. जुन्या ध्वनिमुद्रणात हे सारे एकाच जोडमायक्रोफोनवर घेतलेले होते, त्यामुळे संवादाच्या वेळी ढोलकी तेवढी खाली घ्यावी आणि आवाज तसाच ठेवावा, हे शक्य नव्हते. त्यातच जाखडीची लय शेवटाकडे चढत जाते. ठोक्याच्या यंत्रावर गायला लावले तर ती चढण मरते, आणि प्रत्येक वेळी नव्याने गाऊन घेतले तर दोन टेक जुळत नाहीत. म्हणून गाणे आधी गावातच, मंडळ नेहमी बसते तसे गोलात बसवून, पण गळा, ढोलकी, झांज आणि चाळ वेगवेगळ्या मायक्रोफोनवर घेऊन, एकसलग मुद्रित करायचे आणि चित्रीकरणाच्या वेळी तेच वाजवून नाच घ्यायचा, असे ठरले. चित्रपटाच्या ध्वनीसाठी ते ४८ किलोहर्ट्झवर घेतले. लेबलची जुनी मुद्रणे सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झवर होती.

आधी दिलेल्या पत्राची खरी परीक्षा येथे झाली. स्वतःच्या लेबलचे उत्पन्न सोडून देणारा सल्ला त्यांनी लेखी दिला, आणि त्यानंतर निर्मात्याने त्यांच्या कोणत्याही शिफारशीवर शंका घेतल्याचे टिपणांत दिसत नाही.

चौथा निर्णय : शेवटचे कडवे

ध्वनिमुद्रणाच्या रात्री मंडळातील वयस्कर गायकाने गवळण संपूर्ण गायली. लेबलच्या सीडीवर ती निम्म्याहून कमी होती, कारण त्या काळी एका सीडीत जास्त गाणी बसवण्यासाठी शेवटची कडवी गाळत असत. शेवटच्या कडव्यात गुरूचे नाव आले आणि त्यापाठोपाठ रचणाऱ्या शाहिराचे. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतील दोन पक्षांच्या, रचनांत शेवटी कवीची नाममुद्रा येते, हे या परंपरेतील प्रत्येकाला ठाऊक असते. गायकाने ती सहजपणे गायली, कारण नाव घेतल्याशिवाय गाणे पुरे होत नाही असे त्यांचे शिक्षण होते. संस्थापिकेने मुद्रण पूर्ण होऊ दिले आणि मग त्यांच्याकडे चौकशी केली. शाहीर नव्वदीच्या दशकात वारले होते. गायक त्यांचे शिष्य होते आणि शाहिरांच्या हाताने लिहिलेली गाण्यांची वही त्यांच्याकडेच होती. शाईने ओळी, समासात चालीच्या खुणा, आणि त्या गवळणीखाली तिथी व साल, अशी ती नोंद होती.

म्हणजे हे गाणे पारंपरिक नव्हते. शब्द आणि संगीत यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणून ही रचना २०५० नंतरही काही वर्षे वारसांचीच राहणार होती.

निर्मिती व्यवस्थापकाचे म्हणणे असे पडले की शेवटचे कडवे चित्रपटात नसेलच, सीडीवर पारंपरिक असे छापलेले आहे, आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही, तेव्हा आहे तसे पुढे जावे. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि बहुतेक वेळा खपूनही जातो. संस्थापिकेने तो नाकारला. त्यांचे पहिले कारण व्यावहारिक होते : ऑडिओ हक्क घेणारी कंपनी आणि ओटीटी मंच दोघेही निर्मात्याकडून लेखी हमी घेतात की सर्व हक्क निर्वेध आहेत, आणि वहीत नाव पाहिल्यावर तशी हमी देणे म्हणजे जाणूनबुजून खोटे लिहून देणे होते. दुसरे कारण त्यांनी टिपणात एका ओळीत लिहिले आहे. सीडीवर तो शब्द छापणारे त्यांचेच लेबल होते, तेव्हा ती चूक चित्रपटात नेऊन कायमची करण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

आता सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न होता, आणि या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग हाच आहे. मंडळाच्या दृष्टीने गाणे गुरुपरंपरेने त्यांच्याकडे आले होते; वही त्यांच्याकडे, गाण्याचा मान त्यांचा, आणि शाहिरांच्या मुलांपैकी कोणीही जाखडीत उभा राहिलेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने वही जवळ असणे म्हणजे हक्क असणे नव्हे, हक्क वारसांचा. परंपरेतील मालकी आणि कायद्यातील मालकी अशी समोरासमोर आल्यावर कोणा एकाला खोटे ठरवायचे नाही, असे संस्थापिकेने ठरवले. रचनेचा परवाना वारसांकडून घेतला आणि त्याचे पैसे वारसांना दिले. मंडळाशी सादरकर्ते म्हणून वेगळा लेखी करार केला, त्यात वयस्कर गायकाचे मानधन वेगळे धरले, आणि श्रेयनामावलीत शाहिरांच्या नावाखाली गुरूचे आणि मंडळाचे नाव येईल अशी अट घातली.

वारस चार होते. थोरला मुलगा गावी, एक मुंबईजवळ दिव्याला, एक नालासोपाऱ्याला, आणि एक मुलगी लग्न होऊन गुहागर तालुक्यात. भावांनी आपसांत बोलून तिघांच्या सह्या देऊ असे सांगितले. बहिणीची सही कशाला, तिला काही नको आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मृत्युपत्र नसताना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार मुलगी ही मुलांच्या बरोबरीची वारस आहे, आणि कॉपीराइट ही मिळकतच आहे. संस्थापिकेने चौघांच्या सह्या आणि चार समान हिस्से हा आग्रह सोडला नाही. थोरल्या भावाला तो काही काळ खटकला. ताई बाहेरच्या असून घरात बोलतात, असे त्याने मंडळात बोलून दाखवले.

चौघांना एकत्र आणायचे कधी, याचे उत्तर कोकणात एकच असते. मुंबईत उपनगरे फिरून एकेकाची सही घेता आली असती आणि निर्मात्याला तेच हवे होते. संस्थापिकेने गणपतीपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला. गौरी-गणपतीला दोघेही मुंबईकर भाऊ गावी येतात आणि बहीणही माहेरी येते, हे त्यांना माहीत होते. सर्वांसमोर मराठीत लिहिलेला करार वाचून दाखवता येईल, आणि कोणी नंतर मला सांगितलेच नाही असे म्हणणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. यामुळे अंतिम मिक्सिंग काही आठवडे पुढे गेले. करार गौरीच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर वाचला गेला. मुदत, प्रदेश आणि माध्यमे प्रत्येकी वेगळ्या कलमात लिहिली होती, आणि रॉयल्टीचे कलम बहिणीने दुसऱ्यांदा वाचायला लावले. ते कलम २०१२ च्या दुरुस्तीवर आधारलेले होते. चित्रपटात समाविष्ट झालेल्या गीताच्या रचनाकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांच्या रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क त्या दुरुस्तीने दिला आहे, आणि तो वारस किंवा कॉपीराइट संस्था (रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) यांखेरीज कोणाच्या नावे करता किंवा सोडून देता येत नाही.

ओव्या

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत कायद्याचा प्रश्न सोपा होता. त्या खरोखर पारंपरिक होत्या, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात लोकसाहित्याला वेगळे संरक्षण नाही. निर्मात्याने विचारले की मग पैसे कशाचे. गाणाऱ्या तिघीजणींच्या सादरीकरणाचे, हे उत्तर होते. त्यांची लेखी संमती घेतली, मानधन प्रत्येकीच्या खात्यात स्वतंत्र जमा केले आणि तिघींची नावे श्रेयनामावलीत आली.

परिणाम

चित्रपट ठरल्यापेक्षा उशिरा, पण हक्कांच्या बाबतीत निर्वेध होऊन पूर्ण झाला. दिग्दर्शकाने शेवटचे कडवे ऐकल्यावर दृश्य वाढवले. नाममुद्रा आता पडद्यावर ऐकू येते. क्यू शीटमध्ये, म्हणजे कोणते संगीत किती सेकंद, कोणाचे आणि कशा प्रकारे वापरले याच्या तक्त्यात, शाहिरांचे नाव रचनाकार म्हणून गेले. वारसांपैकी धाकट्या मुलाने कॉपीराइट संस्थेकडे, आयपीआरएसकडे, सदस्यत्वाचा अर्ज केला.

सगळेच सुरळीत झाले नाही. ऑडिओ हक्क घेणाऱ्या कंपनीला सर्व गाण्यांचे अनन्य हक्क हवे होते आणि वारसांनी तसे दिलेले नव्हते, त्यामुळे जाखडी अल्बममध्ये आली नाही आणि निर्मात्याला मिळणारी रक्कम काहीशी घटली. चित्रपटाचा जाहिरातपट (ट्रेलर) ऑनलाइन चढवल्यावर काही तासांत त्यावर हक्काचा दावा आला. तो संस्थापिकेच्याच लेबलच्या वितरकाकडून आपोआप गेलेला होता, कारण जाहिरातपटात लेबलचे एक जुने ध्वनिमुद्रण काही सेकंद वाजत होते आणि वितरकाच्या कंटेंट आयडी (ऑनलाइन चढवलेल्या चित्रफितींतील गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) यादीत निर्मात्याच्या वाहिनीला सूट नोंदवलेली नव्हती. दावा मागे घेईपर्यंत पहिला दिवस वाया गेला, आणि जाहिरातीच्या दृष्टीने पहिलाच दिवस महत्त्वाचा असतो.

वेगळे काय करता आले असते

कंटेंट आयडीची सूट हे परवान्याचे अखेरचे पाऊल समजून करार झाला त्याच दिवशी नोंदवायला हवी होती. लेबलचे काम आणि पर्यवेक्षकाचे काम एकाच व्यक्तीकडे असल्याने ते कोणाच्याच यादीत नव्हते.

कागदांची तपासणी चित्रपटाचा करार होण्यापूर्वी व्हायला हवी होती. संस्थापिकेने ती स्पॉटिंगच्या आधी केली हे बरे झाले, पण तोवर मानधनाचा आकडा ठरून गेला होता. वारसांचा शोध, गावच्या फेऱ्या, करार मराठीत लिहून घेणे हे सारे त्याच रकमेत करावे लागले, आणि कामाच्या तासांशी भागून पाहिले तर ती रक्कम फारशी उरत नाही.

माझा मुख्य मतभेद वेगळ्याच ठिकाणी आहे. वारस आणि मंडळ यांना अखेरपर्यंत वेगवेगळे भेटवले गेले. त्यामागे वाद टाळण्याचा हेतू होता, पण दोघांनाही दुसऱ्याला किती मिळाले याविषयी शंका राहिली. गणपतीत वारस एकत्र होते आणि मंडळही त्याच वाडीत नाचत होते. तेव्हा दोन्ही करार एकाच बैठकीत, आकड्यांसह वाचले असते तर थोरल्या भावाचा आणि मंडळाचा अबोला कदाचित झाला नसता. संस्थापिकेला हे मान्य नाही. आकडे समोरासमोर आले असते तर सह्याच झाल्या नसत्या, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्या माणसांना त्या माझ्याहून अधिक ओळखतात.

सध्या त्यांनी संग्रहातील 'पारंपरिक' असा शिक्का असलेली गाणी पुन्हा ऐकायला घेतली आहेत. मूळ मुद्रणात शेवटची कडवी शाबूत आहेत, ती ऐकून ज्या नाममुद्रा सापडतात त्यांच्या वारसांशी शिमगा आणि गणपती या दोन हंगामांत नवे करार होत आहेत. दुसऱ्या एका चित्रपटाचे काम त्यांनी स्वीकारले आहे. त्या करारात हक्कांचा शोध हा स्वतंत्र, वेगळ्या मानधनाचा टप्पा आहे आणि तो पूर्ण होईपर्यंत दिग्दर्शकाने लेबलचे कोणतेही गाणे तात्पुरते म्हणूनही कच्च्या जोडणीत लावू नये, अशी अट आहे.